अक्षरांचा प्रिंटर, चेहऱ्यांचा प्रिंटर

आषाढी वारीच्या दिवसांत आमच्या हडपसरला दोन वाटा फुटतात. पुण्याचा मुक्काम आटोपून ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी इथवर येते आणि मग ज्ञानोबा दिवे घाटानं सासवडकडे निघतात, तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे. रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही हडपसरकर हा सोहळा दरवर्षी बघतो. वाटा दोन, पण पंढरपूर एकच. त्यामुळे कोणत्याही पालखीबरोबर चाला, चुकण्याची भीती नाही.

मंडळी, प्रिंटर घ्यायला दुकानात गेलेल्या माणसापुढेही अशाच दोन वाटा येतात. दुकानदार विचारतो, "काका, साधा दाखवू का फोटोवाला?" दोन्ही इंकजेटच. दोन्ही पेट्या दिसायला जवळजवळ सारख्या. साध्यावर फोटो निघत नाही असं नाही आणि फोटोवाल्यावर पत्र निघत नाही असंही नाही. म्हणूनच माणूस गोंधळतो. पण इथं दोन वाटांचं पंढरपूर एक नाही. एक यंत्र वाचण्यासाठी केलेलं आहे, दुसरं बघण्यासाठी.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. यंत्राशी माझा संबंध गिऱ्हाईक म्हणूनच. पण हा निर्णय मला घरात घ्यायचा होता, तेव्हा मी चार ठिकाणी विचारलं, वाचलं, दोन्ही यंत्रांवर कागद काढून पाहिले. ते आज तुम्हाला सांगतो. कारण हा प्रश्न वरवर पैशांचा वाटला, तरी आपल्या घरातलं काय जपून ठेवायचं, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे.

आधी इंकजेट म्हणजे काय ते पाहू. नाव सांगतं त्याप्रमाणे हे यंत्र कागदावर शाईचे थेंब उडवतं. थेंब केवढा? एका लिटरचा अब्जावा भाग घ्या, त्याचाही हजारावा भाग करा, म्हणजे एक पिकोलिटर झालं. असे काही मोजके पिकोलिटर म्हणजे एक थेंब. काही कंपन्यांच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवतात, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. काही यंत्रांत विजेनं आकसणारा-प्रसरणारा स्फटिक असतो, तो पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करतो. १९८४ मध्ये 'थिंकजेट' आणि १९८८ मध्ये 'डेस्कजेट' हे प्रिंटर अमेरिकेत बाजारात आले. तिथून हे तंत्र घराघरांतल्या टेबलांवर पोचलं.

आता शाई. सगळी मेख इथं आहे. दुकानातली मुलं 'डाय' आणि 'पिगमेंट' असे दोन शब्द वापरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पळसाची फुलं आणि गेरू. पळसाची फुलं पाण्यात उकळली, की रंग पाण्यात उतरतो, पाणीच रंगीत होतं. ही झाली डाय शाई. गेरू पाण्यात कितीही कालवा, त्याचे कण कणच राहतात. भिंतीवर सारवला की पाणी उडून जातं, कण भिंतीवर बसतात. ही झाली पिगमेंट शाई. डाय शाई कागदात मुरते, पिगमेंट शाई कागदावर बसते. पुढचं सगळं या एका फरकातून निघतं.

साध्या कागदावर, म्हणजे झेरॉक्सच्या कागदावर, डाय शाईचा काळा थेंब पडला, की तो कागदाच्या तंतूंमधून थोडा पसरतो. अक्षराला बारीक मिशा फुटतात. इंग्रजी अक्षराचं त्यानं फारसं बिघडत नाही, कारण त्यातले आकार मोकळे असतात. आपल्या देवनागरीचं बिघडतं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार एवढ्या जणांना दाटीनं बसायचं असतं. अक्षर बारीक ठेवलं आणि शाई पसरली, की पहिलं मरण अनुस्वाराचं. तो वेलांटीत मिसळून जातो आणि 'चिंता'ची 'चिता' होते. कविता लिहिणाऱ्याला हा फरक परवडत नाही. मला वाटतं, औषधाच्या चिठ्ठीत किंवा कोर्टाच्या कागदात तो कुणालाच परवडत नाही.

म्हणून साध्या प्रिंटरची पुष्कळशी मॉडेल्स एक शहाणपण करतात. रंग तीन डायचे आणि काळा मात्र पिगमेंटचा. हा काळा साध्या कागदावर ठाशीव उमटतो आणि वाळल्यावर पाण्याच्या थेंबानं सहज फिसकटत नाही. घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, "काळी शाई पिगमेंट आहे का?" उत्तर 'हो' आलं, तर मजकुरासाठी ते यंत्र चांगलं.

कवींना छपाईच्या यंत्राकडून काय हवं असतं, हे मराठीनं फार पूर्वी दाखवून दिलं आहे. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक काढलं, ते चक्क सायक्लोस्टाईल करून. पुढं श्रीलिपीसारखी मराठी अक्षरं जुळवणारी सोय आमच्या पुण्यातच तयार झाली आणि लिहिणाऱ्याच्या घरच्या संगणकावर मराठी आलं. सायक्लोस्टाईल असो की प्रिंटर, कवीची मागणी तीच राहिली. अक्षर वाचता यावं, प्रत स्वस्त पडावी आणि रात्री अकरा वाजता दुरुस्त केलेलं कडवं रात्री सव्वाअकराला कागदावर बघता यावं. या मागणीला साधा प्रिंटर पुरतो. मग माझ्यापुढे प्रश्न का पडावा?

प्रश्न पडला माझ्या अम्मामुळे.

१९९३ मध्ये निवडणूक आयोगानं मतदारांना फोटो असलेली ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. त्यानंतर गावोगावी शाळांमधून, चावड्यांवर रांगा लागल्या. त्या रांगेत अम्मा उभी राहिली आणि तिचा फोटो निघाला. तिच्या आयुष्यातला तो एकुलता एक. तिच्या पिढीच्या कितीतरी बायकांचं, मग त्या आमच्या मोहल्ल्यातल्या असोत की वेशीबाहेरच्या वस्तीतल्या, असंच झालं. लग्नात फोटोवाला आलेला नव्हता, पुढं सवड नव्हती, पैसा नव्हता आणि 'माझा कशाला काढता' हा संकोच होता. सरकारला त्यांचा चेहरा लागला, म्हणून तो आपल्याला मिळाला. अम्मा २००१ मध्ये गेली. मागे उरलं ते प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड. त्यावर जेमतेम इंचभर रुंदीचा काळा-पांढरा फोटो. आम्ही भावंडं चार. सोलापूरला दिलेली माझी आपा म्हणाली, "तू कार्ड ठेवून घेतलंस, ठीक आहे. पण आम्हाला तिचा चेहरा दे."

आता साध्या प्रिंटरची परीक्षा इथं होते. त्यात निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शाया. गव्हाळ किंवा सावळा गाल छापायचा, तर यंत्राला गडद थेंब विरळ शिंपडावे लागतात. गालावर उजेड जिथं पडतो तिथं हे ठिपके वेगळे वेगळे दिसू लागतात, जणू चेहऱ्यावर बारीक वाळू पसरली आहे. फोटो प्रिंटरमध्ये बहुधा सहा शाया असतात. वरच्या दोन म्हणजे फिकट निळी आणि फिकट गुलाबी. गडदाचा एक थेंब टाकायच्या जागी फिकटाचे अनेक थेंब दाटीनं टाकता येतात आणि उजेडाकडून सावलीकडे जाणारा गाल गुळगुळीत दिसतो. पातेल्यात तिखट एकदम टाकण्यापेक्षा चिमटीचिमटीनं टाकलं, की चव जुळवता येते, तसं.

दुसरी अडचण कागदाची. चकचकीत फोटो कागदावर लेप असतो. साध्या प्रिंटरमधला पिगमेंट काळा त्या लेपावर नीट धरत नाही. म्हणून असे बरेचसे प्रिंटर फोटो छापताना काळी शाई बाजूला ठेवतात आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतात. तो काळा थोडा उतरलेला, तपकिरीकडे झुकणारा असतो. रंगीत फोटोत ते खपून जातं. पण जुना काळा-पांढरा फोटो छापायला घेतला, की रंगांचा तोल किंचित ढळला तरी करडा भाग हिरवट नाहीतर गुलाबी दिसतो. ऐकायला उलटं वाटेल, पण साध्या प्रिंटरला सर्वांत कठीण जातो तो रंगीत फोटो नव्हे, तर आपल्या आजी-आजोबांचा काळा-पांढरा फोटो. महागड्या फोटो प्रिंटरमध्ये राखाडी शाईच वेगळी दिलेली असते, ती याचसाठी.

आमच्या गाडीतळाच्या अलीकडे एक लहानसा फोटो स्टुडिओ आहे. चालवणारा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्याच्याकडे सहा शायांचा प्रिंटर आहे. चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसवायचे आणि कात्रीनं कापून द्यायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत त्याला मान वर करायला फुरसत नसते. मी कार्ड पुढं ठेवलं. त्यानं ते उजेडाला धरलं आणि विचारलं, "चाचा, आधी सांगा, भिंतीवर लावायचाय का पाकिटात ठेवायचाय?"

मला हा प्रश्न फार आवडला. मी म्हटलं, "चार घरांत, चार भिंतींवर."

"मग लई मोठा नको. ह्यात जेवढं आहे तेवढंच निघणार. जास्त ताणला तर डोळे फाटतील."

त्याचं गणित सोपं होतं. चांगल्या फोटोसाठी कागदाच्या दर इंचाला सुमारे ३०० ठिपक्यांची माहिती लागते. एक इंच रुंदीचा फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला, तर चार इंच रुंदीचा प्रिंट त्यातून काढता येतो. त्यापुढं ताणलं, की स्कॅनर फोटोऐवजी कागदाचे कणच मोठे करून दाखवतो. त्यानं तो फोटो त्याच्या यंत्रावर काढला. एका ओळखीच्यांच्या घरच्या चार शायांच्या प्रिंटरवर मी तोच काढून आणलेला होता. दोन्ही आम्ही दारात, दिवसाच्या उजेडात धरले. एकात अम्मा होती. दुसऱ्यातही होती, पण तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या पदराला हिरवट छटा होती आणि गालाचं हाड ठिपक्यांत हरवलं होतं.

मग फोटो प्रिंटरच घ्यावा का? थांबा. फोटो छान निघणं आणि फोटो टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत ग्रॅहॅम नॅश नावाचे गायक आहेत. त्यांना फोटोग्राफीचा नाद. छापखान्यात पुस्तक छापण्याआधी रंगांचा नमुना बघण्यासाठी 'आयरिस' नावाचा एक भलामोठा इंकजेट प्रिंटर असे. त्याची किंमत लाख डॉलरच्या वर. नॅश यांनी तो घेऊन त्यावर कलात्मक छायाचित्रं छापायला सुरुवात केली आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात त्यासाठी स्वतंत्र छपाईघर उघडलं. चित्रं देखणी निघाली, पण नमुन्यासाठी केलेल्या त्या शाया लवकर फिकट होत. नमुना काही दिवस टिकला तरी पुरे, भिंतीवरच्या चित्राला ते कसं पुरावं? त्याच सुमाराला हेन्री विल्हेल्म हे संशोधक रंगीत फोटो किती वर्षं टिकतात, याचा ध्यास घेऊन बसले होते. १९९३ मध्ये त्यांचा सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ या एकाच विषयावर निघाला. पुढे २००० मध्ये एका नामांकित जपानी कंपनीच्या फोटो प्रिंटरचे फोटो काही ग्राहकांच्या घरी थोड्याच काळात नारिंगी पडू लागले. हवेतला ओझोन वायू त्या सच्छिद्र कागदात शिरून निळ्या डायला खात होता. निळा गेला, की चेहरा नारिंगी होणारच.

त्यानंतर शाया आणि कागद दोन्ही सुधारले, हे खरं. पण मूळ तत्त्व तेच आहे. पळसाचा रंग उन्हानं उडतो, गेरू पावसाळे काढतो. डाय शाईचे फोटो जास्त चमकदार, पिगमेंट शाईचे जास्त टिकाऊ. स्वस्त फोटो प्रिंटर बहुधा डायचे असतात. सगळे रंग पिगमेंटचे असलेले फोटो प्रिंटर मिळतात, पण ते व्यावसायिकांच्या खिशाला परवडणारे.

शिवाय इंकजेटला एक खोड आहे. त्याला रिकामं बसवत नाही. शाई सोडणारी छिद्रं केसाहून बारीक, आठवडेच्या आठवडे काम दिलं नाही तर त्यांतली शाई सुकते. आमच्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर लवकर. मग साफसफाईसाठी यंत्र स्वतःच शाई ओतून टाकतं. सहा शायांच्या यंत्रात सहाही जातात. वर्षातून दोनदा, ईदला आणि लग्नसराईत, फोटो काढणाऱ्या घरात फोटो प्रिंटर ठेवणं म्हणजे एरवी रिकाम्या उभ्या असलेल्या घोड्याला रोज चंदी घालणं आहे.

खर्चाचा हिशेबही नीट करावा. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या ठरावीक नमुना पानांवर मोजलेली असते. त्या पानांवर पुष्कळ जागा कोरी असते. फोटोत कोरी जागा नसते, काठापासून काठापर्यंत शाई. त्यामुळे त्या संख्येवरून फोटोचा खर्च काढू नये. यंत्र स्वस्त आणि कार्ट्रिज महाग, हा या धंद्याचा जुना रिवाज. लोकांनी त्यावर बाहेरून शाईच्या बाटल्या जोडायची युक्ती काढली. अखेर २०१० मध्ये एका कंपनीनं इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर आणला आणि ते वारं लवकरच आपल्याकडे आलं. आता टाकी दोन्ही प्रकारांत मिळते. सुरुवातीला पैसे जास्त पडतात, पुढं पान स्वस्त पडतं. महिन्याला दहाच पानं काढणाऱ्याला टाकीचा फायदा दिसायला फार वर्षं लागतील.

तर मी काय ठरवलं? घरात साधा प्रिंटर घेतला. काळी शाई पिगमेंटची, वर स्कॅनर असलेला. हा स्कॅनर महत्त्वाचा. साध्या प्रिंटरच्या पुष्कळ मॉडेल्समध्ये तो जोडून येतो, फोटो प्रिंटरच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये नसतो. माझ्या कविता, नातवाचे शाळेचे प्रकल्प, वीजबिलं, अर्ज हे सगळं त्याच्यावर निघतं. आणि अम्माचे चार फोटो बाहेरून, लॅबमधून, काढून घेतले. चार घरांत ते लागले आहेत. आपानं फोटो हातात घेतला, कपाळावरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "अम्मा रांगेत उन्हात उभी होती त्या दिवशी. बघ, डोळे बारीक केलेत."

कार्डावरच्या इंचभर फोटोत मला ते कधी दिसलं नव्हतं.

पण माझा निर्णय तो तुमचा निर्णय, असं समजू नका. आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत, त्या घरबसल्या वाढदिवसाच्या फ्रेम, बारशाची कार्डं करून देतात. त्यांनी सहा शायांचा घेतला आणि ते बरोबरच केलं. त्यांच्या यंत्राला आठवड्यातून चार दिवस काम असतं, शाई सुकायला सवड मिळत नाही. ज्याला फोटो मुळीच काढायचे नाहीत आणि महिन्यातून एकदाच कागद लागतो, त्यानं इंकजेटच्या वाटेला न जाता लेझर बघावा. त्यातली पावडर सुकत नाही. दुकानात पाऊल टाकण्याआधी गेल्या महिन्यात आपण बाहेरून काय काय छापून आणलं, ते कागदावर लिहून काढा. अक्षरं किती आणि चेहरे किती, हे त्यातून आपोआप कळेल.

शेवटी थोडी कामाची माहिती. फोटो कुठूनही काढा, थेट उन्हात लावू नका. काचेला चिकटवू नका, मध्ये जाड कागदाची चौकट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तो काचेला धरतो. स्कॅन केलेली प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नाव आणि साल लिहा. आणि घरात कुणा म्हाताऱ्या माणसाचा एखादाच फोटो कुठल्या कार्डावर, पासबुकावर चिकटलेला असेल, तर तो याच आठवड्यात स्कॅन करून घ्या. प्रिंटर कोणता घ्यायचा, ते त्यानंतर ठरवलं तरी चालेल.